ढगावरचा शेरा

भिंगरी झोपली की घरात काम सुरू व्हायचं. ती दुपारी जेवण झाल्यावर झोपायची, एक पाय आईच्या मांडीवर आणि एक उशीवर टाकून, आणि झोपेतही आईची बाही मुठीत धरून ठेवायची. ती मूठ सोडवणं हे दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. आधी करंगळी, मग बाकीची बोटं, मग मोकळ्या मुठीत रुमालाचं टोक द्यायचं. जमलं तर स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप उघडायचा, नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून थोपटायचं.

लॅपटॉपवर ढग असायचे. समुद्रावरचे, अगदी खालच्या थरातले, उपग्रहाने वरून टिपलेले. पिंजलेला कापूस गादीत भरायच्या आधी अंगणात पसरावा तसे दिसायचे. त्या कापसावर मधूनच एखादी जास्त पांढरी रेघ उठायची, नखाने ओढल्यासारखी. खालून गेलेल्या जहाजाच्या धुराची ती खूण. रेघ दिसली की तिच्यावरून माऊसने रेघ ओढायची आणि चित्र संस्थेकडे परत पाठवायचं, एवढंच काम. संस्थेला अशा पुष्कळ रेघा हव्या होत्या. त्या बघून संगणक शिकणार आणि पुढे आपला आपण रेघा शोधणार.

"म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय द्यायची शिकवणी घेतेयस तू," असं भिंगरीच्या आईला तिचा नवरा म्हणायचा. तो मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. धूर काढणारा घरातला एक माणूस, आणि त्याच्या रेघा ओढणारी दुसरी. त्याने तिचं नाव रेघबाई ठेवलं होतं.

सासूबाईंना हे काम सुरुवातीला पटलं नव्हतं. शेजारणीने विचारलं, "सून काय करते?" तर त्या म्हणाल्या होत्या, "ढग पुसते." एकदा मात्र त्या खुर्ची ओढून शेजारीच बसल्या.

"धूर काळा असतो ना? मग ढग पांढरा कसा होतो गं?"

तिने उठून फडताळातून दोन डबे काढले. एका बशीत चमचाभर जाडी साखर ओतली, दुसऱ्या बशीत चमचाभर पिठीसाखर.

"कुठली पांढरी दिसते, आई?"

"पिठी."

"साखर तीच ना? नुसती बारीक झाली. ढगाचंही तसंच. धुरातल्या कणांवर पाण्याचे थेंब धरतात. कण जास्त, म्हणून थेंब जास्त, पण पाणी तेवढंच. मग थेंब बारीक होतात आणि ढग पांढरा दिसतो. पांढरा झाला की ऊन जास्त परत फेकतो, आणि खालचा समुद्र थोडा कमी तापतो."

सासूबाईंनी बोटाने पिठीसाखर चाटली. "म्हणजे धूर चांगला."

"चांगला कसला. बंदराजवळच्या माणसांच्या छातीत जातो तो. म्हणून तर इंधन स्वच्छ करायला लावलं. आता रेघा कमी झाल्या, पुसट झाल्या. त्याने समुद्र किती जास्त तापतो, ते या लोकांना मोजायचंय."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," असं म्हणून सासूबाईंनी दोन्ही बशा एकाच डब्यात रिकाम्या केल्या. त्या डब्यातली साखर पुढे महिनाभर ना चहाला धड ना केकला.

काम शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळ्या रेघवाल्या ढगमास्तर म्हणत. त्यांचे नियम मोजके होते. दिसतं तेवढंच काढायचं. जहाज कुठलं, कुणाचं, कुठे चाललंय, हे बघायचं नाही. "एकदा जहाज बघितलंत," ते म्हणायचे, "की नसलेली रेघसुद्धा दिसायला लागते. लग्नाच्या मुलीला सगळीकडे मांडव दिसतो, तसं." आणि शेऱ्याच्या चौकटीत फक्त चित्राबद्दल लिहायचं. ढग विरळ आहेत, कोपरा काळा आलाय, एवढंच.

एक चित्र दोघींकडे जायचं. दोघींच्या रेघा जुळल्या की ते पुढे दुसऱ्या टेबलावर, वारेवालीकडे. ही वारेवाली तिला नुसत्या आवाजाने माहीत होती. जाड, पान खाल्ल्यासारखा आवाज आणि पलीकडे सतत पंख्याची घरघर. वाऱ्याचे आकडे घेऊन ती काय करते, हे ढगमास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण त्या आठवड्यात भिंगरीला दात येत होते, आणि आईच्या डोक्यात फारसं काही शिरत नव्हतं.

हल्ली एक नवी गोष्ट आली होती. किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रात, नकाशावर एक सीमा आखलेली आहे. तिच्या बाहेर जहाजाने जड, स्वस्त इंधन जाळलं तरी चालतं. आत शिरायच्या आधी मात्र स्वच्छ इंधनावर यावं लागतं. ते महाग असतं, म्हणून काही जहाजं बदल करायला उशीर करतात. जहाजावरची माणसं या सीमेला लक्ष्मणरेषा म्हणायची. बंदर खात्याला वाटलं की उशीर करणारे ढगांवरून सापडतील का ते बघावं. म्हणून सीमेजवळची चित्रं आता त्याच दिवशी यायची, त्यांच्यावर ठिपक्या-ठिपक्यांची सीमा काढलेली असायची, आणि त्यांची एक प्रत आपोआप बंदर खात्यात जायची.

इंधन कधी बदलायचं, झडपा कोणी फिरवायच्या आणि सही कोणी करायची, हे काम सेकंड इंजिनिअरचं.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता. नवऱ्याचं जहाज याच शहराच्या बंदराला लागणार होतं, एका दिवसापुरतं. माल उतरेल, माल चढेल, तेवढ्यात त्याला एक संध्याकाळ घरी यायला मिळणार होती. तो गेला तेव्हा भिंगरी नुकतीच उभी राहत होती. आता ती पळत होती, भांडत होती आणि 'नाही' हा शब्द पाच सुरांत म्हणत होती. बाप तिने पाहिला होता तो फोनमध्ये. त्यामुळे तिच्या लेखी फोनचंच नाव बाबा होतं. फोन वाजला की "बाबा ओरडतोय." फोन खाली पडला की "बाबा पडला." एकदा रात्रीच्या जेवणाला तिने आजीला गंभीरपणे विचारलं होतं, "बाबा चार्जिंगला लावला?"

सगळे हसले होते. फोनमधला बाबाही हसला होता. मग म्हणाला होता, "मी आलो की तिला कळेल. एक संध्याकाळ पुरेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता कान चोळत दुसरंच काहीतरी बोलायला लागला होता.

यायच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला तो घाईचा.

"उद्या पहाटे लक्ष्मणरेषा. परवा सकाळी बंदर, परवा संध्याकाळी घरी. काय रेघबाई, ओळखशील ना?"

"दाढी ठेवलीस तर नाही. आवाज असा का तुझा?"

"काही नाही. इथे जरा वाजलंय."

"कोणाशी?"

"आल्यावर सांगतो. कॅप्टनला पैसे वाचवायची फार हौस आहे, एवढंच..." आणि रेंज गेली. नंतर फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीची मूठ एका प्रयत्नात सुटली. तिने लॅपटॉप उघडला. सीमेजवळची तीन चित्रं आली होती. दोन पटकन झाली, त्यांत काहीच नव्हतं. तिसऱ्यात ढगांची गादी छान दाट होती आणि तिच्यावर एक रेघ, तिरकी, बारीक, एका टोकाला पसरट होत गेलेली. ती ठिपक्यांच्या सीमेच्या आत होती. नुसती टेकलेली नव्हती, चांगली आत.

किनाऱ्याचा तो बाक ती ओळखत होती. आपल्याच बंदराकडे येणारी वाट. तारीख आजची, वेळ सकाळची.

जहाज बघायचं नाही, हे तिला पाठ होतं. तरी तिने फोन उचलला. जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप त्यात होतंच, नवऱ्याच्या जहाजासाठी घेतलेलं. रोज सकाळी भिंगरीला "हा ठिपका बाबा" म्हणून दाखवायचं. ठिपका सीमा ओलांडून आत आला होता. मागे त्याची वाट होती, तीही तिरकी. लॅपटॉपवरच्या रेघेचा तिरकेपणा तसाच. आसपास दुसरा ठिपका नव्हता.

इथे जरा वाजलंय. कॅप्टनला पैसे वाचवायची हौस आहे.

पूर्वीच्या एका जहाजाची गोष्ट त्याने रंगवून सांगितली होती. तिथला सेकंड इंजिनिअर सीमा ओलांडल्यावर निवांत चहा प्यायचा आणि मग झडपा फिरवायचा. तेव्हा दोघं हसले होते. आता ते हसणं तिला आठवलं. सापडला तर परवाना जाईल. परवाना गेला तर दर महिन्याचं सगळंच गेलं. आणि नाही सापडला तरी, तो असं करणारा आहे हे तिला माहीत असेल.

तिने माऊस रेघेच्या पसरट टोकावर ठेवला आणि ओढायला सुरुवात केली. अर्ध्यावर हात थांबला. पुढचा भाग पुसटच होता. इथे सोडून दिलं तर कोणी काही म्हणणार नव्हतं. पुसट रेघा दोघींच्या कधीच जुळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. आतल्या खोलीत भिंगरी झोपेत काहीतरी चघळत होती. तो आवाज येत होता, आणि फ्रिजचा.

तिने रेघ शेवटपर्यंत ओढली.

एवढ्यावर थांबली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण हात थांबला होता, हे तिचं तिला टोचलं. नवऱ्याचं जहाज म्हणून आपण डोळेझाक करत होतो, या विचाराने ती इतकी ताठ झाली की तिने शेऱ्याची चौकट उघडली आणि लिहिलं: 'रेघ सीमेच्या आत. इंधन बदललेलं नसावं.' पाठवलं. लॅपटॉप मिटला. मग झोपलेल्या मुलीच्या शेजारी जाऊन आडवी झाली आणि आपली बाही पुन्हा तिच्या मुठीत दिली.

संध्याकाळी भिंगरी दोन्ही बूट उलटे घालून घरभर फिरत होती, आणि आईच्या ते लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंच्या आलं.

"काय झालंय?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणायची माझ्या मुलाची सवय आहे. तू कधी लागलीस?"

तिने सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, भिंगरीला मांडीवर ओढलं, एक बूट काढला.

"म्हणजे तू त्याच्या आईला सांगतेयस की तो चोर आहे."

"चोर नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस?"

सासूबाईंनी दुसरा बूट काढला.

"हे बघ, तो खोटं बोलतो. लहानपणापासून बोलतो. दूध कुंडीत ओतून यायचा आणि प्यालो म्हणायचा. पण खोटं बोलला की कान चोळतो. त्या झाडाने बिचाऱ्याने किती वर्षं दूध प्यायलं असेल. मला सगळं ठाऊक होतं."

"आई, फोनवर कान दिसत नाही."

"मग उद्या दिसेल. समोर बसवून विचार. त्याच्या आधी तुझं काय जातंय?"

"मी लिहून पाठवलं."

सासूबाईंनी दोन्ही बूट तिच्या हातात दिले. "बरं," त्या म्हणाल्या. "पायात बूट तरी सरळ घाल पोरीच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर लखलखीत होतं. चादरी बदललेल्या, भिंगरीचे केस धुतलेले, नवऱ्याच्या चपला पलंगाखालून काढून दाराशी ठेवलेल्या. भिंगरी त्या चपलांत पाय घालून उभी होती आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा ओरडतोय."

बाबा नव्हता. पंख्याची घरघर ऐकू आली.

"वारेवाली बोलतेय. बाई, हे तुम्ही कालच्या तिसऱ्या चित्रावर काय लिहिलंत?"

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "जे दिसलं ते."

"दिसलं ते रेघेत आलंच. रेघ उत्तम काढलीत. दुसरीचीही अगदी तश्शीच आहे. पण शेरा? इंधन बदललेलं नसावं? ढगावर इंधन दिसतं का तुम्हाला?"

"रेघ सीमेच्या आत आहे ना."

"आत आहे आत्ता. चित्र काढलं तेव्हा." पलीकडे पंखा बंद झाला, बहुधा नीट बोलायला. "मी इथे दिवसभर काय करते असं वाटतं तुम्हाला? रेघ म्हणजे काय रस्ता आहे जागच्या जागी राहायला? धूर निघतो, ढगात चढतो, आणि मग ढगाबरोबर वारा नेईल तिकडे जातो. जहाज आपल्या वाटेने पुढे जातं. काल पहाटेपासून वारा किनाऱ्याकडे होता, चांगला जोरात. तुमची रेघ मी वाऱ्याच्या उलट मागे नेली. पडते सीमेच्या बाहेर."

ती खाली बसली. फरशी अजून ओली होती.

"सगळी बाहेर?"

"शेवटचं टोक सीमेवर. अर्धा तास इकडे की तिकडे, ते मला नाही सांगता येत. ढग त्याहून जास्त बोलत नाहीत. पण त्या टोकाच्या पुढे रेघच नाही, बघितलंत ना? जहाज तर पुढे गेलंय. मग धूर कुठे गेला? फिका झाला. म्हणजे इंधन बदललं असणार. तुमच्या शेऱ्याच्या बरोबर उलटं."

त्या पुसट टोकाच्या पुढे काहीच नव्हतं, हे तिने पाहिलं होतं. सीमा ओलांडेपर्यंत इंधन बदललं नाही, असा त्याचा अर्थ लावला होता.

"शेरा खोडा ना," ती म्हणाली.

"खोडला मी. पण प्रत कालच गेली बंदर खात्यात. ढगमास्तर पत्र लिहितायत. तुम्ही असं कधी करत नाही हो. काय झालं होतं?"

"माझ्या नवऱ्याचं जहाज आहे ते."

पलीकडे पंखा पुन्हा सुरू झाला.

"म्हणून कमी लिहिलं असतंत तर समजलं असतं," वारेवाली म्हणाली. "तुम्ही जास्त लिहिलंत."

ढगमास्तरांचा फोन त्यामागोमाग आला. ते ओरडले नाहीत. "तुम्ही जहाज बघितलंत," एवढंच म्हणाले, आणि पुढचा पंधरवडा सीमेजवळची चित्रं तिला मिळणार नाहीत असं सांगितलं. बंदर खात्याला खुलासा गेला होता, पण तपासणीवाले त्याच्या आधीच निघाले होते, आणि एकदा निघाले की ते रिकामे परत येत नाहीत.

दुपारी खरंच बाबाचा फोन आला. भिंगरीने तो दोन्ही हातांनी धरला आणि कानाऐवजी गालाला लावला. आईने हळूच काढून घेतला.

"ऐक," तो म्हणाला. "आज येणं जमत नाही. तपासणीवाले आलेत इंधनाचे. टाक्यांतून नमुने घेतलेत, इंधन कधी बदललं त्याच्या नोंदी तपासतायत, निकाल येईपर्यंत सेकंडने जहाज सोडायचं नाही. आणि माल लवकर चढतोय, त्यामुळे सकाळऐवजी आज रात्रीच निघणार." तो थांबला. "कोणीतरी तक्रार केली म्हणे. आभाळातून."

तिने तोंड उघडलं. भिंगरी मागून बाही ओढत होती. फोनवर सांगायचं की नाही, हे ठरायच्या आत पलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो "ठेवतो" म्हणाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही.

"निकाल कधी येणार?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग उठ. तो येत नाही तर आपण जाऊ. गेटपर्यंत तर सोडतील त्याला? नाही सोडलं तर गेट बघून येऊ." त्यांनी दारातल्या चपला उचलून पिशवीत टाकल्या.

"चपला कशाला, आई?"

"पोरीला दाखवलंय ना, बाबाच्या म्हणून? मग जोडीने दाखवू."

बंदराच्या गेटाशी एक खोली होती. तीन बाकं, एक पाण्याचा नळ, भिंतीवर शिरस्त्राण घाला अशी पाटी. चौकीदाराने त्यांचं ऐकून घेतलं, फोन केला, आणि बसा म्हणाला. तिथे बसल्यावर कळलं की भिंगरीची झोप वाटेतच हुकली आहे. ती बाकाखाली गेली, वर आली, नळ सोडला, आजीच्या पिशवीतून चपला काढून चौकीदाराच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

"नाही गं बाई, माझ्या नाहीत," चौकीदार म्हणाला. "माझे पाय याहून मोठे."

ऊन उतरायला लागलं तेव्हा तो आला. निळ्या डांगरीत, हात पुसत, दाढी वाढलेली. जवळ आल्यावर तेलाचा वास. खोलीच्या दारात तो थांबला, कारण भिंगरी त्याच्याकडे न बघता आईच्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"निकाल आला," तो म्हणाला. "स्वच्छ. पण अर्ध्या तासात परत जायचंय. आई, कशी आहेस? आणि ही..." त्याने मुलीकडे हात केला आणि तेलकट म्हणून मागे घेतला.

"तो शेरा माझा होता," ती म्हणाली.

"कुठला?"

"आभाळातली तक्रार. मी लिहिली."

तो बाकावर बसला. तिने सगळं सांगितलं. थांबलेला हात, ॲप, वारा. सांगताना ती त्याच्या कानाकडे बघत नव्हती. सासूबाई बघत होत्या.

"म्हणजे आमच्या जहाजावर धाड बायकोने घातली," तो म्हणाला. हसला नाही. "मला विचारायचं नाहीस?"

"फोन लागत नव्हता."

"लागला असता तर?"

तिने खरंच विचार केला. "रेघ काढलीच असती. शेरा लिहिला नसता."

तो गुडघ्यावर हात घासत राहिला. दोन्ही हात गुडघ्यावरच होते. "कॅप्टन म्हणाला होता," तो म्हणाला, "दोन तास उशीर कर, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. वेळेआधीच फिरवल्या झडपा. तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता तो. आज नमुने स्वच्छ निघाले तेव्हा म्हणाला, सेकंड, चहा घेणार का?" त्याने मान हलवली. "मला राग नाही आला असं नाही. येणार आहे. आत्ता वेळ नाही त्याला."

"घरी आलास की काढ."

"काढीन. लक्षात ठेवीन मी."

"मीही," ती म्हणाली.

सासूबाईंनी घसा साफ केला. "तुमचा हिशेब नंतर. अरे, चपला घाल."

त्याने जड बूट काढले, मोजे काढले, आणि चौकीदाराच्या पायाशी पडलेल्या त्या जुन्या चपला घातल्या. दोन पावलं चालला. भिंगरीने फोनवरून नजर काढली. ती चपलांकडे बघत राहिली, मग चपलांतल्या पायांकडे, मग डांगरीवरून हळूहळू वर, दाढीपर्यंत. तिने जाऊन त्याच्या अंगठ्यावर बोट दाबलं. अंगठा हलला.

"आई," ती म्हणाली, "बाबाला पाय आहेत."

"आहेत ना," तो म्हणाला, आणि तेलाची पर्वा न करता तिला उचललं.

उरलेला वेळ तिने त्याची दाढी ओढण्यात घालवला. त्याच्या खिशातला फोन सापडल्यावर मात्र ती गोंधळली. हातात एक बाबा आणि कडेवर घेणारा दुसरा. थोडा विचार करून तिने फोन आजीला देऊन टाकला.

परतताना बसमध्ये ती आईच्या मांडीवर झोपली, चुकलेल्या वेळेला, फ्रॉकवर तेलाची पाच बोटं घेऊन. बाही मुठीत होतीच. बंदरावर खालच्या थरातला ढग पसरला होता, सगळीकडे सारखा करडा. खालून रेघ कधी दिसत नाही. खालून नुसता ढग दिसतो. तरी आई खिडकीतून बघत राहिली.

"आता ही रात्री जागणार," सासूबाई म्हणाल्या. "उद्या दुपारीही झोपणार नाही धड. तुझं काम बुडलं."

"बुडू दे."

"तेलाचे डाग निघत नाहीत, सांगून ठेवते."

"घासू नका, आई," ती म्हणाली, आणि मूठ सोडवायला गेलेला हात तसाच मुठीवर ठेवून दिला.